सगळ्यात जवळची चांदणी

शांते, इकडं ये. अशी उंबऱ्यात उभी राहून एक कान देऊ नको, जवळ बस. आन् तुझ्या शेजारणींनाबी बोलाव, कारण मी दोनदा सांगणार न्हाई. तेवढा दम आता राहिला न्हाई माझ्यात. औरंगाबादेला गेलीस तशी उंबराचं फूल झालीस बाई. दिवाळीला येते म्हणलीस, संक्रांतीला येते म्हणलीस, आमी वाट बघून तिळाचे लाडू शेवटी शेळीवाल्या म्हातारीला देऊन टाकले. येणारी-जाणारी माणसं सांगतात की तू आता कपाळाला पावडर थापून गोंदण झाकतीस. झाक. शहरात राहायचं तर काय काय करावं लागत असंल. पण आधी हे पत्र सगळं वाच, मग काय झाकायचं ते झाक.

लिहायला-वाचायला मी चाळिशीनंतर शिकले, तुझ्याच फाटक्या पुस्तकांवर. तवा जोडाक्षरं चुकली तर शेजारणींपुढं हसू नको.

त्यांना ठाऊक न्हाई म्हणून सांगते. माझी थोरली लेक, ह्या शांतीची बहीण सुनंदा, सेनगावच्या पलीकडं, कयाधूच्या काठच्या एका खेड्यात दिली होती. मागच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. तिच्यामागं एकच पोरगी, सुजाता. पहिलीत जाते. लेक गेल्यापासून मी त्या गावाला गेले न्हवते. पायच उचलत न्हवता. यंदा उन्हाळा लागायच्या तोंडाला, आपल्याकडं हळद शिजवायचे दिवस, मी काहिलीपाशी जाळ सारत बसले होते. तर त्या गावचा एक माणूस हळदीचं बेणं बघायला आपल्या कुरुंद्याला आला होता. तो जाता जाता म्हणला, "मावशी, तुमच्या नातीला पाटीवरचं दिसंना झालंय म्हणे."

बस. जाळ तसाच टाकला, दुसरीच्या हातात लाकूड दिलं आन् निघाले.

औंढा, हिंगोली, सेनगाव

प्रवास म्हणजे तीन यष्ट्या. औंढ्यापर्यंत एक, तिथून हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव. बाकी धूळच धूळ, ती काय सांगायची. औंढ्याच्या स्टँडवर भाकरीचं गाठोडं बाकड्यावर ठेवून पाणी प्यायला गेले. येऊन बघते तर एक जाडजूड बाई बराबर त्याच्यावर बसलेली. जवळा बाजार गावची होती, पुढ्यात वांग्यांची पाटी.

"अवं माय," ती म्हणली, "हे खालती मऊ मऊ काय आहे?"

"माझ्या भाकरी आहेत. आता त्यांचं थालीपीठ झालं असंल."

ती इतकी हसली की पाटीतली दोन वांगी खाली गेली. मग तिनं तिच्याजवळचा ठेचा काढला, मी भाकरीचे तुकडे काढले, दोघींनी तिथंच खाल्लं. माझे तळवे बघून म्हणली, "हळदीच्या गावच्या दिसता. कुणाचं लगीन आहे का?"

"न्हाई. लेकीच्या गावाला चालले."

"बरी आहे का लेक?"

शांते, मी "व्हय" म्हणले. तिच्यापुढं सगळं उकलून सांगायची ताकद न्हवती. ती खुश झाली. लेकीला म्हणून तिनं चार वांगी माझ्या पदरात टाकली. ती वांगी मी सेनगावपर्यंत मांडीवर धरून नेली आन् सारखं वाटायचं, ही कुणाला देऊ.

हिंगोलीच्या पुढं रान बदलतं. आपल्याकडं या दिवसांत हिरवं-पिवळं, शिजलेल्या हळदीचा वास. तिकडं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, तूर काढून झालेली, काळ्या भुईला भेगा. सेनगावाहून पुढं पायीच. कयाधूच्या वाळूत चपलीचा अंगठा तुटला. एक पाय चपलेत, एक पाय वाळूत, अशी मी लेकीच्या सासरी पोचले तवा दिवस कलला होता.

माझी विहीण गिरजाबाई दारातच होती. तिच्या माहेराकडून वऱ्हाड जवळ, तवा बोलणं तसंच.

"या इहीणबाई. एक चप्पल घालून येऊन राहिल्या? दुसरी कुठं गहाण टाकली काय?"

"तुमच्या नदीनं ठेवून घेतली."

आमी दोघीबी हसलो, आन् मग दोघीबी रडलो. जावई किसन माझ्या पायाशी बसला, "मामी, मला काई समजून न्हाई राहिलं," एवढंच म्हणला. सरकी काढायच्या गिरणीत कामाला आहे, सकाळी जातो तो दिवस मावळताना येतो.

सुजू भिंतीला टेकून उभी होती. मी हाक मारली तर ती माझ्याकडं बघंना. माझ्या कानाच्या बाजूला, मागच्या कणगीकडं बघून राहिली. मला वाटलं, रुसलं लेकरू, इतक्या दिवसांत आजी आली न्हाई म्हणून.

रात्री जेवायला वरण, भाकर आन् ती वांगी. त्यांच्या वरणात हळद नावाला. मी कुरुंद्याची पूड नेली होती, ती गिरजाबाईनं हुंगून डब्यात ठेवली. "इतकी पिवळी? आमच्याकडं एवढी नवरीलाच लावतात." सुजूनं भाकरीचा तुकडा मोडला आन् वरणाच्या वाटीच्या बाहेर, ताटात बुडवला. सगळ्यांची नजर आपापल्या ताटात होती. पण मी बघितलं.

कडब्याच्या गंजीमागं

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी दिसंना. गिरजाबाई म्हणली, "असंल तिथंच, कडब्यामागं. रोज जाऊन बसते. मी म्हणलं बसू द्या, रडत तर न्हाई."

मी गेले. गंजीच्या मागं, सावली सोडून उन्हात ती पाय पसरून बसली होती. तोंड वर. दोन्ही डोळे सताड उघडे, सूर्याकडं लावलेले. पाण्याच्या धारा गालावरून गळ्यापर्यंत, तरी पापणी मिटंना.

मी धावले आन् पदर तिच्या तोंडावर टाकला. तिनं तो ओढून काढला. "आजी, सोड ना! आत्ता आई येऊन राहिली होती!"

मी तिला सावलीत ओढलं. पण आवाज चढवला न्हाई. "कुठं येऊन राहिली होती, बाळा?"

तिनं मग सगळं सांगितलं, एखादं उत्तर पाठ म्हणावं तसं. आई गेली तवा आजी, म्हणजे गिरजाबाई, म्हणली की आई चांदणी झाली. रोज संध्याकाळी सुजू चांदण्या बघायची, पण त्या किती! त्यातली आई कोणती ते कळंना. मग शाळेत गुरुजींनी शिकवलं की सूर्यबी एक चांदणीच आहे, फक्त आपल्या सगळ्यात जवळची.

"मग ती आईच असंल ना," ती म्हणली. "मला सोडून आई लांब काहून जाईल?"

शांते, ह्याला तू काय म्हणली असतीस? मी पदरानं तिचे गाल पुसले.

"आन् ती दिसती तुला?"

"पहिल्यांदा पांढरं पांढरं होतं. मग निळं. मग मधोमध काळा ठिपका येतो. तो आईचा ठिपका आहे. कपाळावरचा." तिनं बोट स्वतःच्या दोन भुवयांच्या मधी ठेवलं. "आई सांगायची ना, गोंदणारी म्हणली होती, मेल्यावर दागिने न्हाई येत, गोंदण तेवढं संगं येतं. आईचं संगं गेलं. आता तो ठिपका तिकडून नजर काढली तरी जात न्हाई. मी पाटीकडं बघितलं तरी तिथं, आजीकडं बघितलं तरी तिथं. आई आता सारखी माझ्यासंगंच आहे."

गोंदणारी हे बोलली होती, खरं आहे. गोंदणाऱ्या बाया सगळ्यांनाच तसं म्हणतात, पोरींना सुई सोसावी म्हणून.

मी म्हणले, "सुजू, आपण उद्या हिंगोलीला डाक्टरकडं जाऊ."

ती माझ्या हातातून सुटून कडब्याला चिकटली. "न्हाई! तो माझा ठिपका पुसून टाकंल!"

शाळा

मी तशीच शाळेकडं गेले. एका पायात चप्पल, डोक्यात जाळ. एकच खोली, पुढं लिंबाचं झाड. गुरुजी म्हणजे कालचं पोरगं, मिशीबी नीट फुटलेली न्हाई.

"गुरुजी, तुमी लेकरांना सूर्य म्हणजे चांदणी असं शिकवलं का?"

"व्हय मावशी. सूर्य हा एक ताराच आहे." त्याला वाटलं मी देवाधर्माचं भांडण घेऊन आले. "काही जण माझ्यावर रागावलेत त्याच्यावरून. पण खरं ते खरं."

"मी रागावले न्हाई. सूर्य काय आहे त्याचं मला काही पडलं न्हाई. तुमच्या पहिलीतली एक पोरगी रोज त्याच्याकडं डोळे लावून बसते, कारण तिची आई चांदणी झाली आहे आन् तुमी म्हणलात की ही चांदणी सगळ्यात जवळची."

तो पायरीवर बसला. खडूचा हात कपाळाला लावला, तिथं पांढरा पट्टा उठला. मग म्हणला, "मला वाटलं ती फळ्याकडं बघत न्हाई म्हणजे लक्ष न्हाई. मी तिला मागं बसवलं हो मावशी."

मला भांडायचं होतं, पण त्या पोराचं तोंड बघून भांडण गळून गेलं. शेजारी बसले. म्हणले, "आज दिवे लागायच्या वेळी घरी या. तुमीच घातलेली गाठ तुमीच सोडवा."

अंगणात

तो आला. किसन गिरणीवरून नुकताच आला होता, डोक्यात सगळी सरकीची तूस. गिरजाबाई चूल पेटवत होती आन् धुसफुसत होती, "मी काय वाईट सांगितलं लेकराला? ते रडून रडून अर्धं झालं होतं. तुमी असता तर काय सांगितलं असतं?" तिचंबी खरंच होतं.

सुजू माझ्या मांडीवर. वर एकेक चांदणी फुटून राहिली होती. गुरुजीनं खाकरून सुरुवात केली, आधी पुस्तकातल्यासारखीच.

"सूर्य हा तसा मधल्या मापाचा तारा आहे. त्याच्याहून लहान, अंधुक, लाल असे पुष्कळ आहेत. त्याच्याहून कितीतरी मोठेबी आहेत. शास्त्रात सूर्याला पिवळा बटू म्हणतात."

"बटू?" गिरजाबाई चुलीपासून ओरडली. "म्हणजे ते डोकं भादरलेलं, मुंज लागलेलं पोरगं? सूर्याची मुंज कुणी केली बाप्पा?"

"न्हाई हो आजी, बटू म्हणजे बुटका."

"आन् पिवळा आहे म्हणता," मी म्हणले, "म्हणजे मुंज न्हाई, हळद लागली."

सुजू हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा, किसन मागून म्हणला. गुरुजीचीबी जीभ मग सैल झाली. त्यानं डोक्यावरची तांबूस चांदणी दाखवली. ती रोहिणी. आपल्या सूर्याच्या कितीतरी पट रुंद, पण त्याच्याइतकी तापलेली न्हाई. दक्षिणेला पांढरी लखलखती व्याध. ती सूर्यापेक्षा मोठी आन् गरमबी.

"लाल ती कमी गरम आन् पांढरी जास्त?" मी विचारलं. "काहिलीखालच्या जाळासारखंच की. निखारा तांबडा पडला की हळद शिजत न्हाई, मधला जाळ पांढरा झाला की उकळी फुटते."

"बराबर, मावशी. सगळे जाळच आहेत. आपला सूर्य फार मोठा न्हाई, जवळ आहे म्हणून मोठा दिसतो. हा कंदील आपल्याला एवढा दिसतो, नदीपलीकडं नेला तर काजव्याएवढा दिसंल. तो मोठा असो का लहान, जवळचाच डोळे दिपवतो. आन् जवळ म्हणलो तरी सूर्यसुद्धा इतका लांब आहे की तिथं कुणी जाऊ शकत न्हाई."

सुजूनं माझा पदर बोटाला गुंडाळला. मग हळूच म्हणली, "मग आई कशी गेली?"

गुरुजी माझ्याकडं बघायला लागला. गिरजाबाईची फुंकणी थांबली. शांते, मी इतकी थकले होते त्या वेळी! तीन यष्ट्या, वाळू, दुपार, आन् पावसाळ्यापासूनचं सगळं. वाटलं, "गेली बाळा, गेली तिथं," म्हणून टाकावं आन् पाठ टेकावी. पण ते लेकरू उद्या पुन्हा कडब्यामागं जाऊन बसलं असतं.

मी म्हणले, "तुझी आई चांदणी झाली न्हाई. तू गुरुजींचं ऐकलंस ना, चांदण्या म्हणजे जाळ. तुझ्या आईला काहिलीचा जाळ सोसायचा न्हाई. मी सारायला बसवलं की पळून जायची, शांतीला पुढं ढकलायची. ती कशाला जाईल तिकडं?"

सुजूनं विचार केला. हे तिला पटलं, कारण आईचा तो स्वभाव तिला ठाऊक होता. "मग कुठं आहे?"

"मला ठाऊक न्हाई, बाळा."

चुलीवर काहीतरी करपलं, कुणी उठलं न्हाई. गुरुजीनं वर चांदण्यांचा एक बारका घोस दाखवला. "त्या कृत्तिका. त्यांच्याकडं सरळ बघितलं की थोड्याच दिसतात. जरा बाजूला नजर ठेवली की जास्त उमटतात. अंधुक चांदणी नेहमी बाजूनं बघायची असते."

सुजू म्हणली, "मला सगळंच तसं दिसतं. सरळ बघितलं की ठिपका मधी येतो."

तवा माझ्या डोक्यात आलं. गिरजाबाईला म्हणले, "कंदील द्या इकडं." वात मोठी केली, माझ्या तोंडापाशी धरली. "सुजू, माझ्या तोंडाकडं सरळ बघ. काय दिसतं?"

"ठिपका. तुझं तोंड न्हाई दिसत."

"आता माझ्या कानाकडं बघ. पण ध्यान माझ्या कपाळावर ठेव. चांदणी बघतात तसं."

तिनं मान तिरपी केली. नजर कानाच्या कडेला लावली. चेहरा आकसला, मग हळूहळू सैल झाला. तिनं हात पुढं केला, आधी हवेत चाचपला, मग बोट बराबर माझ्या दोन भुवयांच्या मधी टेकवलं.

"आजी! आईचा ठिपका!"

"तुझ्या आईचा आन् माझा एकाच दिवशी, एकाच सुईनं काढलेला आहे. ती रडत होती म्हणून आधी मी काढून घेतला."

"हा तर हिरवा आहे."

"हिरवाच असतो. तुझ्या आईचा काळा होता का कधी?"

ती डोळे मिटून आठवत बसली. "न्हाई," ती म्हणली. "हिरवा होता." मग कितीतरी वेळ बोट काढलंच न्हाई. गिरजाबाई येऊन खाली बसली, पदरानं डोळे पुसले आन् म्हणली, "जा माय हिंगोलीला. मधातला ठिपका पुसला तर पुसू दे."

हिंगोली, आन् परत

हिंगोलीचा डाक्टर भला माणूस. डोळ्यात उजेड टाकून बघितलं. म्हणला, आतल्या पडद्याला मधोमध पोळलंय. औषध न्हाई. काही महिन्यांत थोडंफार आपोआप भरून येईल, सगळं येईलच असं न्हाई. पुन्हा सूर्याकडं बघितलं तर मात्र काही हाती राहणार न्हाई. सुजूनं त्याला विचारलं, "तुमी ठिपका पुसता का?" तो म्हणला, "मला येत असतं तर पुसला असता." ती म्हणली, "राहू द्या. मला आता बाजूनं बघता येतं."

डोळे बरे होईपर्यंत पोरगी माझ्याकडं, असं ठरलं. गिरजाबाईनं निघताना दटावलं, "न्या, पण ध्यानात ठेवा इहीणबाई, लेकरू आमचं आहे." "तुमचंच," मी म्हणले. "चप्पल तेवढी माझी, सापडली तर पाठवा." औंढ्याच्या स्टँडवर मी त्या वांगीवालीला शोधलं. म्हणणार होते, वांगी पोचली. ती न्हवती.

आता सुजू इथं कुरुंद्याला आहे. दुपारी बाहेर सोडत न्हाई, तीबी जात न्हाई. संध्याकाळी आमी ओट्यावर बसतो. ती तिरपी मान करून मला रोहिणी कुठंय ते सांगते, व्याध कुठंय ते सांगते, आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते की आपला सूर्य मोठा न्हाई, नुसता जवळ आहे. पाटीवरची अक्षरं अजून मधेच गळतात. महिना होत आला. सुधारतं का ते बघत आहोत. मी दमते बाई. पण तिच्यापुढं दमून बसता येत न्हाई.

परवा ती माझ्या कपाळाला बोट लावून म्हणली, "आजी, हा आणखी कुणाला आहे?" मी म्हणले, तुझ्या शांतामावशीला. तिघींचं एकदमच गोंदलं. "ती काहून येत न्हाई?" मी म्हणले, ती लांब आहे. तर म्हणली, "म्हणून बारीक झाली असंल."

म्हणून सांगते शांते, लौकर ये. आठ दिवसांची रजा मिळंना तर दोनच दिवस ये, तिकडच्या जावयांना मी सांगते काय सांगायचं ते. औंढ्याला उतर, तिथं गाठोडं बाकड्यावर ठेवू नको. आन् घरात येण्याआधी हौदावर तोंड स्वच्छ धू, पावडर राहू देऊ नको. पोरगी तुझ्यासमोर येऊन उभी राहील आन् तुझ्या कानाकडं बघंल. रुसली असं समजू नको, मान फिरवू नको, हलू नको. ती तुलाच बघत असंल.